बटईची पिल्लं

एकविसावा दिवस उजाडला आणि मशीन गप्प होतं.

दिनकररावांनी काचेला आधी उजवा कान लावला, मग डावा. आत दिवा जळत होता, पंखा फिरत होता, लाल आकडे लुकलुकत होते. सगळं कसं व्यवस्थित होतं. फक्त आज कार्यक्रम आहे याची खबर शंभर अंड्यांपैकी एकालाही नव्हती.

अंगणात मंडप पडला होता. खुर्च्या आल्या होत्या, भोंगा बांधून झाला होता, बुंदीचा वास शेजारच्या गल्लीपर्यंत पोचला होता. कोंबड्यांच्या कार्यक्रमाला जेवणात कोंबडी नव्हती, कारण प्रमुख पाहुणे, माजी सभापती योगीराजदादा, यांचा शनिवार होता. दहा वाजता त्यांच्या शुभहस्ते 'यंत्रातून प्रथम पिल्लू बाहेर काढण्याचा सोहळा' होणार होता. तसं पत्रिकेतच छापलं होतं. पत्रिका दिनकररावांनी स्वतः लिहिली, पेडगावात घरटी एक वाटली आणि सोयऱ्यांना दोन-दोन धाडल्या. कोंबडीच्या पिल्लाची पत्रिका काढणारा माणूस पंचक्रोशीत याआधी झाला नव्हता, पुढेही होईल असं वाटत नाही.

"परमेश्वर!" त्यांनी मुलाला हाक मारली. "एकवीस दिवस म्हनला होतास ना रे तू?"

परमेश्वर दोन वर्षं पुण्यात कंपनीत काढून परत आला होता, आणि मशीन हा त्याचाच उद्योग होता. तो आला, झाकण काढलं, एक अंडं उचलून मोबाईलच्या उजेडापुढं धरलं. मग दुसरं. मग तिसरं. चौथं त्यानं बघून तसंच परत ठेवलं.

"मेलंय," तो म्हणाला. "हे बी मेलंय. आठ-धा दिवसांचं होऊन मेलंय समदं." मग घरातल्या सगळ्यांकडं वळून त्यानं विचारलं, "झाकन कुनी उघडलं होतं?"

परमेश्वर हे एकवीस दिवस प्रकल्पाच्या कागदांपायी रोज सकाळी परभणीला जात होता आणि संध्याकाळी परतत होता. जाताना प्रत्येकाला बजावून जायचा, की झाकण उघडायचं नाही, आतली ऊब मोडते. प्रत्येकानं मानही हलवली होती.

"मी कुठं उघडलं?" त्याची आई धुरपदाबाई म्हणाली. "नुसतं सकाळी ओवाळायला म्हनून..."

"रोज?"

"मग काय दिवसाआड ओवाळायचं? नवी वस्तू हाय घरात! अन् कुंकू लावायचं तर झाकन काढावंच लागतंय. भाईरून काचंला लावलं तर पुसून जातंय ते. पाचच अंड्याला लावत व्हते, रोज पाच."

दिनकररावांनी कपाळावर हात मारला. "आगं बाई! देव समजलीस का काय त्याला? तूच मारलंस समद्यांला!"

"मामांनी बी उघडलं," परमेश्वरची बायको सविता भिंतीकडं बघत म्हणाली. सासऱ्यांच्या तोंडावर बोलायची तिची ही पहिलीच वेळ, म्हणून ती भिंतीला सांगत होती. "पावणे आले की मामा झाकन काढूनच दाखवत व्हते. सोनपेठचे पावणे आले तवा तर च्या हुईस्तोर उघडंच व्हतं."

"दाखवायचं न्हाई तर मशीन आनायची कशाला?" दिनकरराव उसळले.

दारात त्यांचा धाकटा भाऊ वैजीनाथ दात घासत उभा होता. त्याची चूल दहा वर्षांपूर्वी वेगळी झाली, पण भांडण म्हटलं की तो अजून एकत्र कुटुंबातला होता. त्यानं बाहेर चूळ टाकली आणि म्हणाला, "मी बी एकदाच उघडलं. हात घालून बगितला, लय गरम लागायलं. म्हनलं, बिचाऱ्यांला जरा वारं लागू द्यावं."

"किती वेळ?" परमेश्वरनं विचारलं.

"नाष्टा करून येईस्तोर."

परमेश्वरनं झाकण लावलं आणि भिंतीला टेकून खाली बसला.

आता अंडी मेली तर मेली. बाजारातून दुसरी आणता आली असती, योगीराजदादांना दुसरी तारीख मागता आली असती, आणि गावाला हसायला नवीन विषय मिळेपर्यंत चार दिवस घरात बसता आलं असतं. दिनकररावांना खरी काळजी पडली ती अंड्यांची नाही, अंगठ्याची.

अंगठा त्यांच्या बहिणीचा होता. कडूबाईचा. आधीची दोन लेकरं दगावली म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं, आणि कडू म्हणूनच ती जगली. सव्वीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती मागच्या अंगाला गोठ्याशेजारच्या खोलीत राहिली. आई नऊ वर्षं अंथरुणावर होती. त्या नऊ वर्षांत दिनकरराव सरपंच झाले, वैजीनाथनं चूल मांडली, आणि आईचं सगळं कडूबाईनं केलं. बाप गेल्यावर कागदावर वारस लागले ते तिघं: दोन भाऊ आणि कडूबाई. परमेश्वरचं कोंबड्यांचं शेड गोठ्याच्या जागेवर उठणार होतं आणि त्यासाठी तिसरं नाव काढायला हवं होतं. हक्कसोडीचा कागद तयार होता.

एकवीस दिवसांपूर्वी जेवणं झाल्यावर दिनकररावांनी तो तिच्यापुढं ठेवला. कडूबाई कागदाकडं बघून हसली आणि म्हणाली, "आण्णा, तुज्या त्या डब्यातून एक जरी पिल्लू चिवचिवत भाईर आलं ना, त्याच दिवशी अंगठा देते बग." सगळे हसले. दिनकरराव सगळ्यांत मोठ्यानं हसले, आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

"आता कसं करायचं?" वैजीनाथ म्हणाला. त्याच्या आवाजातली मजा आटली होती. कागदावर मोकळा होणारा अर्धा हिस्सा त्याचाही होता, हे त्याला चूळ भरून झाल्यावर आठवलं.

दिनकररावांनी मशीनच्या ट्रेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "परमेश्वर, तुज्या ट्रेमंदी अंडी मावली न्हाईत, तेरा उरली व्हती. ती कुठं गेली?"

"आत्याला दिली की. तिची कवडी कोंबडी खुडूक बसली व्हती, तिच्याखाली घातली."

"मग? निघाली का?"

"काल सांजच्याला निघाली," सविता म्हणाली. "अकरा."

तेरापैकी अकरा! दिनकररावांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणवत नाही. "अंडी कुनाची? आपली. मग पिल्लं कुनाची? आपलीच की! पाच-सा आणून ठिवा मशीनमंदी. दादा आले की काढतील."

"आत्याला मागून आनतो," परमेश्वर उठला.

"मागायचं नाव काढू नको!" दिनकररावांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं. "येडा हायस का? मागितलं की ती म्हननार, बटई हाय. अंडी तुजी, कोंबडी माजी, अर्धी तू घे, अर्धी मी घेते. आपल्यात रीतच हाय तशी. अन् एकदा का आपुन पिल्लांत तिचा वाटा कबूल केला, की उद्या ती जमिनीत बी म्हनंल, म्हातारीला मी सांबाळलं, द्या माजा वाटा. तोंडातून वाटा हा शब्दच निघाला न्हाई पायजे."

"आण्णाचं डोकं म्हंजी डोकं हाय," वैजीनाथ म्हणाला. सकाळी सात वाजता तो भावाची मजा बघत होता. साडेसातला तो भावाच्या बाजूला आला.

कडूबाईला बुंदीच्या कढईपाशी गुंतवायचं काम धुरपदाबाईवर आलं, पिल्लं आणायचं काम सवितावर. परमेश्वरवर काहीच काम आलं नाही. तो मेलेली अंडी घमेल्यात काढत बसला.

* * *

गोठ्यात शिरताना सविताच्या पायातले पैंजण वाजले म्हणून तिनं ते काढून कमरेला खोचले. आपल्याच घरात आपण चोरासारखं चाललोय, हे तिला कळत होतं. पण नवरा मान खाली घालून बसला होता आणि सासरा डोळे वटारून उभा होता. अशा वेळी सुनेनं काय करायचं असतं, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि शिकवायची गरजही कुणाला वाटली नव्हती.

खुडूक कोंबडीचं मात्र तिला सगळं आत्यानं शिकवलं होतं. कवडी अंडी घालायचं सोडून पिसं फुगवून टोपल्यात ठाण मांडून बसली, तेव्हा धुरपदाबाई म्हणाली होती, "पान्यात बुचकळा तिला, नाकात पीस घाला. खुडूक मोडंल, पुन्हा अंडी घालंल." कडूबाई म्हणाली, "कामून मोडायचं? तिला बसायचं हाय, बसू द्या. बाईनं बसायचं म्हनलं की समद्यांच्या पोटात दुखतंय." मग टोपल्यात गव्हाचं काड, त्यावर मूठभर राख, आभाळ गडगडलं तर अंडी नासू नयेत म्हणून एक खिळा आणि एक कोळसा, आणि वर तेरा अंडी. सातव्या दिवशी अंडी उन्हाला धरून बघितली, एक फोल निघालं ते काढून टाकलं. त्यानंतर आत्यानं टोपल्याला हात लावला नाही, कुणाला लावू दिला नाही. कवडी दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची, उकिरड्यावर धुळीत लोळायची आणि लगोलग परत यायची. "झाकन उघडून कोनी बगितलं का तिचं?" आत्या हसून म्हणायची. "तिचं ती बगती."

आता कवडी कोपऱ्यात पंख पसरून बसली होती. पंखाखालून चार-पाच चोची डोकावत होत्या. सविता जवळ आली तशी कवडीनं मान ताणली आणि घशातून एक आवाज काढला.

"मला बी न्हाई आवडत हे," सविता तिला म्हणाली, आणि हात घातला.

पहिल्याच टोचीत रक्त आलं. दुसऱ्या टोचीत बांगडी फुटली. सहा पिल्लं ओच्यात भरून होईपर्यंत तिच्या मनगटाची चाळण झाली होती. मग तिनं डालगं, म्हणजे कोंबड्या झाकायचं ते मोठं टोपलं, कवडीवर आणि उरलेल्या पाच पिल्लांवर पालथं घातलं. सासऱ्यांनी वर दगड ठेवायला सांगितलं होतं. दगड तिथंच होता. तिनं बघितला, आणि ठेवला नाही. कामून नाही ठेवला, असं तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

* * *

योगीराजदादा साडेअकराला आले, म्हणजे त्यांच्या मानानं लवकरच आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, मागं चार माणसं. सत्कार झाला, नारळ झाला, दिनकररावांचं प्रास्ताविक झालं. प्रास्ताविकात त्यांनी मशीनचा उल्लेख दोनदा केला आणि स्वतःचा चौदा वेळा.

कडूबाई मंडपाच्या मागं कढईपाशी होती. वहिनी सकाळपासून तिला हलू देत नव्हती. "वन्सं, पाक बगा. वन्सं, तूप बगा. वन्सं, तुमच्यासारखी कळी कुनालाच पाडता येत न्हाई." सव्वीस वर्षांत वहिनीनं तिच्या हाताची एवढी तारीफ कधी केली नव्हती. कडूबाईला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. पण तारीफ अशी वस्तू आहे, की उशिरा मिळाली तरी गोडच लागते. झारा हलवत ती मनातल्या मनात खूश होती. अंगठ्याचं तर तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. पोराच्या डब्यातून पिल्लू निघो न निघो, लावून टाकू अंगठा. आपल्यामागं आहे कोण?

"आता यंत्रातून बाहेर येणाऱ्या पहिल्या पिल्लाचा आवाज आपण सगळ्यांनी ऐकूया!" दिनकरराव म्हणाले. ही कल्पना त्यांची स्वतःची होती. त्यांनी झाकण उघडलं आणि माईक आत धरला.

भोंग्यातून साऱ्या पेडगावावर चिवचिवाट पसरला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कडूबाईनं झारा खाली ठेवला. आवाज ऐकून तिला आनंद झाला, आणि लगेच कसंतरी झालं. सोळा-अठरा खुडूक कोंबड्या तिनं स्वतः बसवल्या होत्या. नुकतं अंडं फोडून आलेलं पिल्लू असं ओरडत नाही. ते ओलं असतं, दमलेलं असतं, धड उभंही राहत नाही. हे ओरडणं पोट भरलेल्या, वाळलेल्या, एका रात्रीच्या पिल्लाचं होतं. आणि ते आई हरवल्याचं ओरडणं होतं.

"कुठं चाललात, वन्सं? पाक जळायलाय!" धुरपदाबाईनं तिचा पदर धरला.

"जळू द्या," कडूबाई म्हणाली, आणि पदर सोडवून गोठ्याकडं चालू लागली.

गोठ्यात डालगं हलत होतं. कवडी आतून धडका देत होती. भोंग्याचा आवाज तिथपर्यंत येत होता आणि प्रत्येक चिवचिवीला ती जिवाच्या आकांतानं उत्तर देत होती. डालग्याबाहेर, काडावर, सविताच्या हिरव्या बांगडीचे तुकडे पडले होते. कडूबाईनं ते बघितले आणि तिला सगळं कळलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पिल्लांसाठी नाही, ती कुठं जाणार होती? आण्णानं आपल्याला एवढं येडं समजावं, याचं तिला वाईट वाटलं.

तिनं आरडाओरडा केला नाही. कुणाला शिव्या दिल्या नाहीत. ती फक्त खाली वाकली आणि डालगं उचललं.

* * *

पुढचं साऱ्या गावानं बघितलं, आणि अर्ध्या गावानं मोबाईलमध्ये धरून ठेवलं.

योगीराजदादांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं होतं. बाकीची पाच परातीत होती, आणि परात धरून शेजारी सविता उभी होती. "दादा, जरा इकडं बघा," फोटोवाला म्हणाला. दादांनी तिकडं बघितलं, म्हणून त्यांना समोरून येणारी कवडी दिसली नाही.

ती खुर्च्यांच्या रांगेमधून आली. पिसं फुगवून दुप्पट झालेली, पंख जमिनीला घासत, मागं पाच पिल्लं. पुढच्या रांगेतल्या पुढाऱ्यांनी पाय वर घेतले. कवडी थेट उडाली ती दादांच्या पँटवर, तिथून शर्टवर, आणि हातावर दोन टोची मारून खाली आली. दादांनी "आयो!" असा आवाज काढला. तो माईकनं नीट टिपला. पिल्लू त्यांच्या हातातून सटकून गादीवर पडलं आणि उठून पळालं.

"धरा, धरा तिला!" दिनकरराव ओरडले. "सविता, परात वर धर!"

सवितानं सासऱ्यांकडं बघितलं. मग तिनं परात जमिनीवर टेकवली आणि हळूच तिरकी केली. पाचही पिल्लं टुणटुण उड्या मारत कवडीकडं धावली. कवडीनं पंख उघडले आणि अकराची अकरा आत घेतली. मंडपाच्या मधोमध, प्रमुख पाहुण्यांच्या चपलांशेजारी, ती शांत बसली.

पहिला हसला तो फोटोवाला. मग सगळा मंडप.

योगीराजदादा मुरलेला गडी. त्यांनी रुमालानं हात पुसला, माईक घेतला आणि म्हणाले, "बंधू-भगिनींनो, यंत्र आणि परंपरा यांचा असा संगम मी आजवर कुठंही पाहिला नाही." टाळ्या पडल्या. मग त्यांनी बुंदी खाल्ली, सोनपेठला एका वाचनालयाचं उद्घाटन आहे असं सांगितलं, आणि बसलेल्या कोंबडीला वळसा घालून निघून गेले.

* * *

गाव जेवून पांगल्यावर घरातली माणसं गोठ्यापुढं जमली. कवडीला पिल्लांसकट कडूबाईनं परत आणलं होतं आणि ती त्यांच्यापुढं कण्या टाकत बसली होती.

कुणाला वाटेल, दिनकरराव आता माफी मागतील. पण सरपंचकी दहा वर्षं केलेला माणूस असा सहजासहजी हरत नाही. त्यांनी खिशातून कागद काढला, शाईची डबी काढली, आणि दोन्ही बहिणीपुढं ठेवलं.

"कडे, तू बोलली व्हतीस. डब्यातून पिल्लू निघालं की अंगठा देते. निघालं का न्हाई? साऱ्या गावानं बगितलं. आता शब्द फिरवू नको."

"तसं बगितलं तर आण्णाचं बरोबर हाय," वैजीनाथ म्हणाला. "डब्यातून तर निघालंच की, आक्का. आत कसं गेलं हा इषय येगळा."

"काका, जरा लाज बाळगा!" परमेश्वर म्हणाला. सकाळनंतर तो पहिल्यांदाच काही बोलला होता.

"तू गप बस. तुज्याच पायी चाललंय हे समदं," दिनकरराव म्हणाले. "अंडी आपली व्हती का न्हाई?"

"व्हती की," कडूबाई म्हणाली. "म्हनून तर अर्धी पिल्लं तुमचीच व्हती. पाच तुमची, पाच माजी, अन् एक सविताला द्यायचं ठरविलं व्हतं मी. तिला लय हौस हाय. सकाळी नुसतं म्हनला असतास, कडे, आज अडचन हाय, तर अकराची अकरा टोपल्यात घालून आनून दिली असती. तुजी इज्जत ती माजी न्हाई का?"

सविता पदरात तोंड लपवून रडायला लागली. तिच्या मनगटावर हळद दाबलेली होती. ती आत्यानंच दाबली होती.

"अन् अंगठा तर मी त्याच दिवशी देनार व्हते," कडूबाई पुढं म्हणाली. "डब्याचं गमतीनं म्हनले. भावाची थट्टा केली जरा. तुमी एकवीस दिवस ते खरं धरून बसलात."

दिनकररावांनी वैजीनाथकडं बघितलं. वैजीनाथनं डबीचं झाकण घाईघाईनं उघडलं. "मग दे की, आक्का! द्यायचाच व्हता ना? उगं ताणायचं कशाला?"

"आता न्हाई देत."

"कामून?"

"पिल्लं मागायला तुमची जीभ रेटली न्हाई, चोरून नेली. उद्या मी मेले तर अंगठा बी असाच न्याल, मेलेल्या हाताला शाई लावून."

कण्या संपल्या तशी पिल्लं कागदावर चढली. दिनकररावांनी तो झटकन ओढून घेतला.

"भावाच्या दारात ऱ्हाऊन हिस्सा मागतीस?" ते ओरडले. "लोकं शेन घालतील तोंडात!"

"मी कुठं मागायले? माजाच हाय. नुसता देत न्हाई," कडूबाई म्हणाली, आणि पाण्याचं भांडं भरायला उठली.

परमेश्वरनं घमेलं उचललं, खोरं खांद्यावर घेतलं आणि मेलेली अंडी पुरायला उकिरड्याकडं निघाला. सविता त्याच्यामागं गेली. वैजीनाथ शाईची डबी हळूच बंद करून म्हणाला, "आण्णा, घाई करायची न्हाई. बायामानसांचं बायामानसंच समजावतात. वैनीला पाठवा."

* * *

धुरपदाबाई ताटलीत बुंदी घेऊन गोठ्यात शिरली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नवरा बाहेर बाजेवर बसून होता. काय बोलायचं ते त्यानं पढवून पाठवलं होतं: भावाची माया, माहेरचं दार, मेल्यावर खांदा कोण देणार. नणंदेला असल्या गोष्टी सांगायची धुरपदाबाईला भारी हौस. ती खाटेवर टेकली, पदर सावरला.

"घ्या वन्सं, बुंदी खावा. जरा करपली हाय, पर गोड झाली." मग लगेच मुद्द्यावर आली. "मी काय म्हनते, कामून एवढं धरून बसायचं? माती कुनी छातीवर बांधून नेली का? मी न्हाई का दिलं माज्या भावाला? पाच मिन्टांत दिलं बगा. पूर्णेला कचेरीत गेलो, सही केली, भजी खाल्ली, नवी साडी नेसून घरी आले. माजा भाऊ म्हनला, ताई, तुज्यावानी बहीन न्हाई जगात. कुनाचं काय बिघडलं?"

"किती व्हतं, वैनी?" कडूबाईनं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, साधं विचारलं होतं.

"तीन एकर. हिरीसकट."

"अन् आता बोलावतो का भाऊ?"

"बोलावतो की! म्हंजी..." धुरपदाबाई थांबली. "वास्तूला बोलवलं व्हतं. तवाच पोरांच्या परीक्षा आल्या. मग गेल्या साली मी आपून व्हऊन गेले पंचमीला. भावजय म्हनली, कळवून यायचं ना, आमी भाईर निघालोत. मी लगीच परत फिरले. गाडी हुती मला."

पिल्लं कवडीच्या पंखाखाली शिरत होती. एक सारखं बाहेर पडत होतं आणि कवडी चोचीनं त्याला परत आत घेत होती. धुरपदाबाई ते बघत राहिली.

"साडी कशी व्हती?"

त्या साडीचं कौतुक धुरपदाबाईनं पंधरा वर्षं साऱ्या गल्लीला ऐकवलं होतं. काठ कसा, पदर कसा, दुकानदारानं भाव कमी करायला कसा नकार दिला आणि भावानं कशी तरीही घेतलीच. ते सगळं तिच्या जिभेवर तयार होतं. तिनं तोंड उघडलं.

"मोतिया रंगाची," ती म्हणाली. आणि पुढं तिला बोलवेना. "दोन धुन्यांत इटली."

कडूबाईनं ताटलीतली बुंदी घेतली, अर्धी वहिनीच्या हातावर ठेवली. दोघी खात बसल्या.

"झालं का गं?" बाहेरून दिनकररावांनी हाक मारली. "देती का?"

धुरपदाबाईनं डोळे पुसले, नाक पुसलं.

"न्हाई देत!" ती आतून ओरडली. "अन् देऊ नका म्हनून मीच सांगितलंय!"